कानामागची सुपारी

९ फेब्रुवारी

मिन्चे आत्या,

आधी माफी मागते. शुद्धलेखनाच्या चुका होतील, मी आठवीतच शाळा सोडली हे तुला माहीतच आहे. टाइप पण हळू होतं, कारण फोनची काच फुटलीय आणि डाव्या बाजूची अक्षरं तीनदा दाबल्याशिवाय उठत नाहीत. हे पत्र सकाळी सुरू केलं, आता डुकरांना खायला घालायची वेळ झाली. त्यात रेंज फक्त पणजोबांच्या थडग्यावर येते आणि तिथे बाबांगताईनं मका वाळत घातलाय, म्हणून मी कडेला अर्ध्या ढुंगणावर बसलेय.

तू म्हणशील फोन कर. केला होता. गेल्या महिन्यात तुला तीन वेळा फोन आला आणि कोणी बोललंच नाही, ती मीच. तू इतक्या जोरात 'कोण आहे?' म्हणतेस की माझा आवाज आत जातो.

विषय आजोबांचा आहे. सप्टेंबरात वाइंगापूच्या दवाखान्यात त्यांचं रक्त तपासलं, थायरॉइड मंद झालंय म्हणाले. रोज सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी एक गोळी, जन्मभर. मी रोज देते. एक दिवस चुकवलेला नाही, आईची शपथ. पण पाच महिने झाले आणि फरक शून्य. या उन्हात त्यांना थंडी वाजते. तोंड सुजलेलं असतं. आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. चार दिवसांतून एकदा परसाकडे होतं, आणि झालं की सगळ्या गावाला सांगत येतात.

आणि झोप. आत्या, काय ती झोप!

त्याहून वाईट म्हणजे त्यांची दुसरी ओळ हरवते. तुला माहीत आहे, लग्नाच्या बोलणीत आजोबांसारखा वुनांग घराच्या वतीनं बोलतो ते सगळं जोडीनं. एक ओळ, लगेच तिची जुळी ओळ. 'डोंगर चढून आलात, नदी उतरून आलात.' आता पहिली येते आणि जुळी येतच नाही. एका चाकाची गाडी.

गेल्या शनिवारी बाबांगताईच्या लग्नाची दुसरी बैठक होती. नवऱ्या मुलाकडचे, उंबू हापूकडचे लोक आले, त्यांचा बोलणारा उंबू लांडू समोर बसला. आजोबा म्हणाले, 'डोंगर चढून आलात.' आणि थांबले. मी स्वयंपाकघराच्या भिंतीमागून म्हणत होते, 'नदी, आजोबा, नदी,' पण ते मलाच ऐकू आलं नाही. मग आजोबांनी डोळे मिटले.

पाहुण्यांना वाटलं आजोबा नाराज आहेत. लांडूनं मुलीबद्दल द्यायचे दोन घोडे वाढवले. आजोबा गप्प. लांडूनं अजून एक घोडा वाढवला. तेव्हा आजोबा घोरले. कुरा काकानं जाऊन हलवलं तर डोळे उघडून म्हणाले, 'जेवणं झाली का?'

बैठक मोडली नाही पण उठली. बाबांगताई रडतेय. म्हणते, 'घोडे वाढत चाललेत आणि नवरा लांब चाललाय.' आणि कुरा काका सगळीकडे सांगत फिरतोय की पुढच्या वेळी बोलणारा मीच. कुरा काका! जो मयताच्या घरी समाचाराला गेला आणि भांडून आला. तो बोलला तर ताईचं लग्न गेलंच. आणि आजोबांची जागा गेली की ते खुराड्याजवळच्या चटईवर जाणार, जिथे कोणी काही विचारत नाही. ते बोलणार नाहीत तर मग दिवसभर करणार काय?

काय करू सांग. डुकरं ओरडतायत.

लिका

*

१५ फेब्रुवारी, कुपांग

लिका,

ती तू होतीस होय! मला वाटलं कोणी चोर घरात माणूस आहे का बघतोय. मी तर लॉन्ड्रीतली इस्त्री उशाशी ठेवून झोपत होते.

आता ऐक. काही आजार-बिजार नाही, म्हातारा गोळी थुंकतोय. माझा बाप आहे, मी ओळखते. लहानपणी मलेरियाच्या कडू गोळ्या आम्हाला नाक दाबून द्यायचे, आणि स्वतःची जिभेखाली ठेवून कुंपणापाशी थुंकून यायचे. आई म्हणायची, आपल्या कुंपणाला कधी ताप येत नाही.

गोळी दिल्यावर तोंड उघडायला लाव आणि टॉर्च मार.

मला त्यांचं काही पडलेलं नाही. सहा वर्षांत मला एक निरोप नाही त्यांचा. पण थंडी वाजते म्हणतेस म्हणून जहाजानं एक स्वेटर पाठवलाय. गुलाबी आहे, पुढे मांजर आहे, त्यांच्या मापाचा तेवढाच मिळाला. सोबत शक्तीच्या टॉनिकची मोठी बाटली आहे. लोह, कॅल्शियम, सगळं आहे म्हणे. रोज दोन चमचे. गोळीबरोबरच देत जा म्हणजे विसरायला नको.

कुराला सांग, मिन्चेनं विचारलंय की तुझी तिसरी बायको परत आली का.

आत्या

*

२ मार्च

मिन्चे आत्या,

टॉर्च मारला. पंधरा दिवस रोज मारला. गोळी तोंडात राहत नाही, जिभेखाली नाही, गालात नाही, दातांच्या फटीत पण नाही (दात चारच आहेत, बघायला सोपं). तू उगाच त्यांच्यावर आळ घेतेस.

मी सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच करते. उठले की काही खायच्या आधी गोळी. पहिल्या सुपारीच्या फोडीत खोचून देते, चुन्यात नागवेलीचं बोंड बुडवून देते, ते चघळतात, अंगणात थुंकतात, मग मी टॉर्च मारते, मग दोन चमचे टॉनिक, मग कॉफी. टॉनिक त्यांना फार आवडलंय. दोनाचे तीन चमचे मागतात.

परवा आरोग्य केंद्रात डॉक्टर यांतींनी परत रक्त घेतलं. आधीपेक्षा वाईट निघालं! त्या म्हणाल्या, 'आजोबा, रिकाम्या पोटी घेता ना?' आजोबा म्हणाले, 'हो. रिकाम्या पोटी.' (दुसरी ओळ आली नाही.) मी पण मान हलवली. त्यांनी गोळी वाढवली. पन्नासची पंचाहत्तर केली होतीच, आता शंभरची.

स्वेटर मिळाला. घालून बसलेत. कोणी आलं की पोटावरची मांजर दाखवतात आणि झोपतात. पोरं बघायला येतात.

कुरा काकाला तुझा निरोप दिला नाही. मला जमलं नाही.

लिका

*

५ मार्च

(आजोबा सांगतायत, मी टाइप करतेय. लिका)

मिन्चे, माझ्या थोरल्या मुली.

समुद्रापलीकडून तुझा स्वेटर आला.

(इथे दुसरी ओळ येणार आहे. आजोबा आठवतायत.)

(आजोबा म्हणाले, 'पुढे चल, मागून येईल.')

मांजर चांगली आहे.

सहा वर्षं मी तुला निरोप पाठवला नाही.

(आठवतायत.)

(आत्या, त्यांचे डोळे भरलेत. मला वाटतं ही ओळ त्यांना माहीत आहे.)

(झोपले.)

*

२१ मार्च, कुपांग

लिका,

बसलीयेस ना? थडग्यावरच आहेस ना? मका बाजूला कर आणि नीट बस.

तुझी दोन्ही पत्रं मी शेजारच्या औषधवाल्या नोन्चीला वाचून दाखवत होते. वडिलांचं पत्र वाचून मी जरा रडत होते आणि नोन्ची मला डोळे पुसायला रुमाल देत होती. मग मी म्हटलं थांब, पोरीचं आधीचं पण वाच, ती किती काळजी घेते बघ. वाचता वाचता तिनं रुमाल खाली ठेवला.

'पहिल्या सुपारीत?' म्हणाली.

मी म्हटलं, 'हो, मग कशात?'

'चुना लावून?'

'चुन्याशिवाय सुपारी खातात का कोणी?'

'आणि अंगणात थुंकतात?'

मी म्हटलं, 'मग काय घरात थुंकतील?'

लिका, ती गल्ल्यावर डोकं टेकून हसली. मग गंभीर झाली. ती म्हणते ते सांगते, तिच्याच शब्दांत.

एक. अर्धी गोळी लाल थुंकीबरोबर अंगणात जाते. म्हणजे औषध अंगण घेतंय आणि आजारी आजोबा! मी म्हटलं होतं ना थुंकतोय म्हणून? म्हटलं होतं!

दोन. उरलेली अर्धी पोटात जाते, तिला चुना धरून ठेवतो. चुना म्हणजे कॅल्शियम. ही गोळी कॅल्शियमबरोबर गेली की अंगाला नीट लागतच नाही. मध्ये चार तास गेले पाहिजेत.

तीन. लोहाचं टॉनिक पण तेच करतं. तेही चार तास लांब. हे कोणी पाठवलं असं नोन्चीनं विचारलं. मी म्हटलं, कोणीतरी पाठवलं असेल.

चार. कॉफीही लगेच नको. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही.

मी तिला म्हटलं, अगं पण डॉक्टरनं फक्त रिकाम्या पोटी सांगितलं होतं. नोन्ची म्हणाली, 'ती डॉक्टरीण जावा बेटावरची आहे, तिला काय माहीत तुमच्याकडे सुपारीला खाणं धरत नाहीत.' खरंच आहे ना. सुपारी काय खाणं आहे? ती तर श्वास घेतल्यासारखी.

उद्याच आरोग्य केंद्रात जा आणि सगळं सांग. सगळं. लाजू नको. नोन्ची म्हणते शंभरची गोळी आता खरोखर पोटात जाणार, तेव्हा डॉक्टरला कळायलाच हवं.

आत्या

*

२९ मार्च

मिन्चे आत्या,

दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. म्हणजे एरवीही बोलत नाही, पण हे वेगळं. सहा महिने मी आजोबांना रोज स्वतःच्या हातानं चुना लावला.

केंद्रात गेले. तोंडून निघेना म्हणून तुझं पत्रच डॉक्टर यांतींच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, 'चूक माझी आहे, मी सुपारीचं विचारायला हवं होतं.' मग 'औषध अंगण घेतंय' तिथे त्या पण हसल्या. शंभरचीच चालू ठेवू म्हणाल्या, दोन महिन्यांनी परत रक्त बघू, छातीत धडधडलं तर आधीच या. बरं वाटायला पण तेवढा वेळ लागेल, घाई नाही.

आता पहाटे पाचला पाणी आणि गोळी. सुपारी नऊला. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हटलं, नऊपर्यंत श्वास घेऊ नका. मी विचारलं, मग रात्री झोपताना घेता का गोळी? पण ते सुपारी गालात ठेवूनच झोपतात. म्हणून पाचच.

पहिल्या दिवशी साडेपाचपासून घड्याळासमोर बसले. सहाला म्हणाले, 'हे बंद पडलंय.'

टॉनिकची बाटली कुरा काकाला दिली. त्याला फार आवडली.

लिका

*

१८ जून

मिन्चे आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही कारण वेळच मिळत नाही. आजोबा जागे आहेत.

म्हणजे फारच जागे आहेत. एप्रिलच्या शेवटी तोंडाची सूज उतरली, मे महिन्यात आवाज मोकळा झाला. एका सकाळी म्हणाले, 'कोंबडा आरवला, उजेड उगवला,' आणि स्वतःच दचकले. जुळी ओळ परत आली! बाबांगताई नाचली. मी डुकरांपाशी जाऊन रडले, तिथे कोणी बघत नाही.

पण मग ओळी थांबेनाच. जेवताना जोडीनं, आंघोळीला जोडीनं. 'मीठ कमी आहे, तिखट जास्त आहे.' 'पाणी गार आहे, पाठ उघडी आहे.' पहाटे तीनला उठून कोंबड्यांशी बोलणी. काळ्या कोंबडीचं लग्न ठरवत होते, गंमत नाही. हात थरथरायला लागले, छाती धडधडते म्हणाले. मी त्याच दिवशी केंद्रात नेलं आणि या वेळी तोंडानं सांगितलं. हळू सांगितलं, डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं, पण सांगितलं.

गोळी आता पंचाहत्तरची केलीय. शंभरची गोळी अंगण घेत होतं तोवर ठीक होतं म्हणाल्या. आता आजोबा स्वतः घेतात, त्यांना जास्त होते.

हापूकडच्यांनी निरोप पाठवलाय, बैठक १२ ऑगस्टला. कुरा काका म्हणतो, 'म्हातारा आधी झोपायचा, आता कोंबड्यांशी बोलतो. कशाला हसं करून घेता?' घरातल्या मोठ्यांनी ठरवलंय, आजोबांना शेवटची संधी. या वेळी काही बिघडलं तर जागा कुरा काकाची.

लिका

*

६ ऑगस्ट, कुपांग

लिका,

हात थांबले ना थरथरायचे? झोप लागते ना? चांगलं.

आता बारा तारखेचं लक्षात ठेव. नोन्चीनं मला शंभरदा सांगितलंय की ही गोळी नेमानं घ्यायची. तेव्हा बैठक असो, पूर येवो, पणजोबा थडग्यातून उठून येवोत, पाचला गोळी म्हणजे पाचला गोळी. एक दिवससुद्धा इकडचं तिकडे नको. मला तुझ्या पत्रात 'त्या दिवशी गडबडीत राहिली' हे वाचायचं नाहीये.

हो, मला माहीत आहे पाहुणे सातला येतात आणि आल्याआल्या सुपारी. ते तू बघ. तू शांत असतेस, पण डोकं चालतं तुझं.

वडिलांना सांग, स्वेटर घालून बैठकीला बसायचं नाही.

आत्या

*

१३ ऑगस्ट

मिन्चे आत्या,

काल झालं ते सगळं सांगते, मध्ये टोकू नकोस. (पत्रात कशी टोकणार म्हणा.)

मी, ताई आणि आजोबा, आम्ही आठवडाभर खलबतं करत होतो. सातला सुपारी नाही म्हणता येत नाही, पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं ते. बिनचुन्याची खावी तर तोंड लाल होत नाही, आणि ज्या बोलणाऱ्याचं तोंड पांढरं त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मग मला सुचलं. आजोबांच्या चुन्याच्या डबीत तांदळाचं पीठ भरायचं. आणि सुपारीच्या फोडींना बर्फाच्या सरबतात घालतात तो लाल पाक चोळून ठेवायचा. रविवारी करून बघितलं. आजोबांचं तोंड असं लाल झालं की ताई घाबरली. वर आजोबा म्हणाले, 'चव बरी आहे, सवय वाईट आहे.'

पाचला गोळी दिली. पाण्याबरोबर. सातला पाहुणे आले, वीस-बावीस जण. बायका सगळ्या आत, मी बांबूच्या भिंतीला डोळा लावून. आजोबा ताठ बसलेले. स्वेटर घातला होता, सॉरी, पण वरून मोठं कापड घेतलं होतं, मांजरीचे फक्त कान दिसत होते.

'डोंगर चढून आलात, नदी उतरून आलात,' आजोबा म्हणाले. आवाज असा, की बाहेर बांधलेले घोडे वळून बघायला लागले. 'चटई वाट बघत होती, उशी कूस बदलत होती.' कुरा काकाचं तोंड आंबट झालं.

आणि मग उंबू लांडूनं आपली सुपारीची पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली.

आत्या, आम्ही विसरलो होतो. तिघंही! बोलणारे पिशव्या बदलतात! मी जन्मल्यापासून बघतेय आणि आठवडाभर एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आजोबांच्या हातात लांडूची पिशवी गेली, खऱ्या चुन्याची. लांडूच्या हातात आमची. लांडूनं फोड तोंडात टाकली, बोंड आमच्या डबीत खसाखसा बुडवलं आणि चावलं. एकदा चावलं. दोनदा चावलं. थांबला.

'उंबू,' तो आजोबांना म्हणाला, 'हा चुना गोड आहे.'

मग त्यानं जीभ बाहेर काढली.

'आणि,' जिभेवरून काहीतरी बोटानं काढून बघत तो म्हणाला, 'चालतोय.'

मुंग्या. पाकाला मुंग्या लागल्या होत्या.

त्यांच्याकडचे सगळे आता आजोबांकडे बघायला लागले. आजोबांच्या हातात लांडूची सुपारी, चुना लावलेली, ओठांपासून चार बोटांवर. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं. खाल्ली तर गोळी वाया. नाही खाल्ली तर बैठक वाया, ताई वाया, जागा वाया. कुरा काका तर उठायच्या तयारीत होता.

आजोबा म्हणाले, 'तुमची सुपारी माथ्यावर घेतो.' आणि सुपारी कपाळाला लावली.

आणि थांबले.

जुळी ओळ आली नाही. आजारामुळे नाही, आत्या. ती ओळ नव्हतीच. आपल्या कुठल्या पूर्वजाला थायरॉइडची गोळी होती की त्यानं अशी ओळ करून ठेवावी? आजोबांनी इकडे तिकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, बरोबर माझ्या डोळ्याकडे.

आणि माझ्या तोंडातून निघालं. हळू नाही. तू फोनवर बोलतेस तितक्या जोरात.

'नऊ वाजेपर्यंत कानावर ठेवतो!'

आजोबांनी क्षणभर सुद्धा विचार केला नाही. सुपारी कपाळावरून काढली आणि सुताराची पेन्सिल असते ना तशी कानामागे खोचली.

'तुमची सुपारी माथ्यावर घेतो, नऊ वाजेपर्यंत कानावर ठेवतो,' ते परत पूर्ण म्हणाले, जणू हजार वर्षं अशीच ओळ आहे. मग त्यांनी सगळं खरं सांगितलं. गोळी, चुना, अंगण, सगळं जोडीजोडीनं. तीन घोड्यांच्या वेळी आपण नाराज नव्हतो, झोपलो होतो, हे पण.

मला वाटलं संपलं. मी भिंतीमागे खाली बसले.

लांडूनं तोंडातली फोड दुसऱ्या गालात ढकलली. मग म्हणाला, 'आमच्या सुपारीला माथा मिळाला, आमच्या सुपारीला कान मिळाला. तुमच्या घरचा चुना गोड आहे, तुमच्या घरची भिंत तिखट आहे.'

आणि हसला. मग सगळेच हसले, हापू तर इतका की त्याला पाणी द्यावं लागलं. लांडू म्हणाला, 'घड्याळ कुठाय?' आणि सगळे पाहुणे वाट बघत बसले! नऊला पाच मिनिटं असताना निम्मे उठून घड्याळाखाली जाऊन उभे. नऊ वाजले तेव्हा आजोबांनी कानामागची सुपारी काढून तोंडात टाकली, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लाल झालं तोंड. टाळ्या!

त्यानंतर चार वाजेपर्यंत बोलणी चालली. आजोबा एकदाही डुलले नाहीत. शेवटी म्हणाले, 'झोपेत मिळालेले घोडे झोपेतच राहू देत, जागेपणी मिळालेला जावई जागा राहू दे,' आणि ते तीन घोडे परत केले. कुरा काका ओरडला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. तो आत्ता खुराड्याजवळच्या चटईवर बसलाय, स्वतःहून, रुसून.

लग्न ऑक्टोबरात.

माझा घसा बसलाय. एकाच ओळीनं.

लिका

*

१७ ऑगस्ट, कुपांग

लिके!

तुझं पत्र मी लॉन्ड्रीत मोठ्यानं वाचलं आणि एका साहेबाची पॅन्ट जाळली. काही हरकत नाही.

मग नोन्चीला वाचून दाखवलं. ती पण हसली, खूप हसली. मग डोळे पुसत काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'पण एवढं कशाला केलं? त्या एका दिवशी गोळी संध्याकाळी घेतली असती, जेवणापासून आणि चुन्यापासून लांब, तरी चाललं असतं.'

मी तिला म्हटलं, 'तू शंभरदा सांगितलंस नेमानं म्हणून!' ती म्हणाली, 'नेमानं म्हटलं होतं, युद्ध करा म्हटलं नव्हतं.'

मी दोन दिवस हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुझ्या घरचे खरं सांगतात म्हटल्यावर माझाही इलाज नाही. आणि ते टॉनिक मीच पाठवलं होतं, हे पण नोन्चीला सांगून टाकलं. तिला माहीतच होतं.

ऑक्टोबरात मी येतेय. वडिलांना विचार, येऊ का? आणि या वेळी तू पत्र लिहू नकोस. फोन कर.

आत्या

*

९ सप्टेंबर

मिन्चे आत्या,

पत्रच लिहितेय, रागावू नकोस. पण काल संध्याकाळी फोन आला तो माझा होता. तू म्हणालीस, 'कोण आहे?' आणि मी म्हणाले, 'लिका.' मग कट केला. पण म्हणाले.

आजोबांचा नवा रिपोर्ट आला. डॉक्टर यांती म्हणाल्या, आता अगदी जागेवर आहे, पंचाहत्तरचीच कायम. आता सुपारीचा प्रश्न त्या सगळ्या पेशंटना विचारतात, सगळ्यात आधी. परसाकडे रोज होतं (गावाला सांगणं बंद नाही). थंडी मात्र अजून वाजते म्हणतात, स्वेटर काढत नाहीत. मी विचारलं हे औषधाचं काही आहे का. डॉक्टर म्हणाल्या, त्यांनी नीट तपासलं, हा आजार नाही, मांजर आहे.

गावात आता कोणाला काही नको असलं की सुपारी कानामागे ठेवतात. पोरं तर मिठाई पण ठेवतात. आणि उंबू लांडूनं गुपचूप निरोप पाठवलाय, त्या गोड चुन्याची डबी मिळेल का, त्याच्या हिरड्या सोलतात. मुंग्यांशिवाय म्हणालाय.

तू यायचं का विचारलंस ते आजोबांना सांगितलं. ते म्हणाले मार्चमधली ओळ पुरी करून पाठव. मी म्हटलं कुठली? त्यांना आठवत होती. ही घे:

'सहा वर्षं मी तुला निरोप पाठवला नाही, सहा वर्षं मी जहाजं मोजली.'

म्हणाले एवढंच लिही, बाकीचं ती आल्यावर.

बरं, खाली किनाऱ्यावर एक फ्रीज वाहून आलाय. कोणाचा कोणाला माहीत नाही. उघडून बघितला तर आत एक बूट, जुळा नाही. एकच.

लिका